सुताचं दुसरं टोक

जगातला पहिला सुतार कोण, याचा निकाल आमच्या अमळनेरच्या कारखान्यात अजून लागलेला नाही. माझे सासरे हिलाल नाना म्हणतात, विश्वकर्मा. त्यांचे जोडीदार हारुन चाचा म्हणतात, नूह नबी. मी लग्न होऊन शिरपूरहून इथे आले, उंबरठ्यावरचं माप ओलांडलं, तेव्हाही हेच चाललं होतं. नवी नवरी दारात उभी आणि हे दोघं लाकडाच्या ढिगावर बसून भांडतायत. मला वाटलं, वाटणीचा वाद असेल. माझ्या सासूबाई, आता त्या नाहीत, कानाशी लागून म्हणाल्या, "तू आत ये बाई, त्यास्नं चालूच ऱ्हास."

नानांचं म्हणणं सरळ आहे. विश्वकर्म्याने द्वारका उभी केली, लंका उभी केली, देवांचे रथ घडवले. चाचा मान डोलवत सगळं ऐकून घेतात आणि मग म्हणतात, "सोनानी लंका. म्हंजे सोनारनं काम. लाकूड कथं शे त्यामा?" त्यांच्या नूह नबींनी मात्र जलप्रलयाआधी फळीला फळी जोडून नाव बांधली, तीही साऱ्या जिवांची एकेक जोडी मावेल एवढी. नाना विचारतात, "एवढी मोठी नाव एकटानी करी?" चाचा म्हणतात, पोरं होती मदतीला. "पोरं!" नाना हसतात. "मना प्रेमराजनी कव्हय माले मदत करी?"

प्रेमराज म्हणजे माझा नवरा. तो धुळ्या-जळगावात प्लायवूडची किचनं बसवतो, आणि नानांच्या मते ते सुतारकाम नसून डबे चिकटवणं आहे. या वादात मी नवऱ्याची बाजू घेत नाही. माझ्या स्वतःच्या किचनमधली एक फळी तो किती दिवाळ्या झाल्या नुसती बसवतोच आहे.

कारखान्याच्या पाटीवरूनही असंच रामायण झालं होतं म्हणे. नानांना पाटीवर विश्वकर्मा हवा होता. चाचा म्हणाले, घाल की, पण शेजारी माझी नाव घाल. पेंटर बिचारा चक्रावला. बोरी नदीला पाणी नाही, गावात नाव कोणी पाहिलेली नाही, आणि फर्निचरच्या पाटीवर नाव कशाला? शेवटी त्याने उजवीकडे हातात गज धरलेला विश्वकर्मा काढला आणि डावीकडे एक नाव, जिच्यात माणूस एकही नाही. अजूनही नवी गिऱ्हाइकं विचारतात, तुम्ही होड्या पण करता का? दुकानाचा फोन माझ्याकडे असल्यामुळे उत्तरं मलाच द्यावी लागतात.

चाचा घरी उर्दू बोलतात, नानांशी आपली अहिराणी, आणि माझ्याशी शाळेतल्यासारखी मराठी. मी शिरपूरची असून मला अहिराणी कळत नाही असं त्यांना का वाटतं, कोण जाणे. नानांना चिडवायचं असलं की ते त्यांच्या नावावर घसरतात. हिलाल म्हणजे आमचा चंद्र, तू तर जन्मापासून आमचाच, असं म्हणतात. नाना अमावास्येला हत्याराला हात लावत नाहीत, चाचा दर शुक्रवारी, जुम्म्याच्या दुपारी, नमाजाला जातात. पण एकट्याने काम करायची दोघांनाही सवय नाही. त्यामुळे अमावास्येला चाचा आणि जुम्म्याला नाना रिकामे बसतात, आणि दोघं रिकामे एकत्र सापडले की विश्वकर्मा आणि नूह नबी पुन्हा हजर.

माझं शिलाई मशीन कारखान्याच्या खिडकीला लागून आहे. ब्लाउज शिवता शिवता सगळं दिसतं. त्यातली एक गोष्ट मला सुरुवातीला शुद्ध वेडेपणा वाटायची. लाकूड मिलमधून कापून आलं की नाना आधी त्याचं बुड शोधतात. झाड उभं असताना जमिनीकडे होतं ते बुड, आभाळाकडे होता तो शेंडा. लाकडाला मधोमध दोरी बांधून उचलायचं, जड बाजू खाली झुकते, ते बुड. गाठीजवळच्या रेषाही सांगतात. बुडाला गेरूचा टिळा लावायचा, आणि मग त्या लाकडाचा खांब होवो, चौकट होवो, नाहीतर पलंगाचा पाय होवो, टिळ्याची बाजू जमिनीकडेच राहिली पाहिजे. रंधा मारताना टिळा तासला जाणार असेल, तर आधी त्याच टोकाला दुसऱ्या अंगावर लावून घ्यायचा. नाना म्हणतात, उलटं लाकूड म्हणजे डोक्यावर उभं केलेलं झाड, तसल्या दारातून जाणाऱ्या-येणाऱ्याचं भलं होत नाही. चाचा भल्याबुऱ्याचं काही बोलत नाहीत. ते म्हणतात, झाड जन्मभर सरळ उभं राहिलं, आता त्याला शीर्षासन कशाला?

मी हसायचे. मग एकदा एका बाईचं मखमलीचं ब्लाउज शिवताना एक बाही उलटी बेतली गेली. उजेडात धरलं तर एक बाही काळी आणि दुसरी राखाडी. मखमलीला वर-खाली असतं हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. त्या दिवसापासून मी बुड-शेंड्याला हसणं सोडलं.

आणि दुसरी गोष्ट सुताची. गेरूच्या पाण्यात भिजवलेला दोरा लाकडावर ताणून धरायचा, मधून चिमटीत उचलून सोडायचा. लाल रेघ उमटते. पुढचं सगळं कापणं त्या रेघेवर. सूत धरतो तो सुतार, असं नाना सांगतात. चाचा म्हणतात, मग मी कोण, दुसरं टोक तर मी धरतो. बघणाऱ्याला वाटतं, दुसऱ्या टोकाला काय काम, नुसतं दाबून बसायचं. पण तसं नाही. चाचा अंगठ्याने लाकडाची कड चाचपतात, सूत खुणेवर दाबतात, ताण बरोबर झाला की म्हणतात, "हां." ते हां म्हटल्याशिवाय नाना सूत सोडत नाहीत. मशीनच्या आवाजातसुद्धा दिवसभर ते हां, हां माझ्या कानावर यायचं. इतकं सवयीचं झालं होतं, की ऐकू येतं हेही लक्षात येत नव्हतं.

यंदा योगराज आबांनी गावाबाहेर नवं घर काढलं. आबा कापसाचे व्यापारी. घर सगळं काचेचं आणि स्टीलचं, पण मुख्य दाराची चौकट सागाची, आणि सागही त्यांच्याच शेताच्या बांधावरचा, वडिलांनी लावलेला. वडील गेले, मग वादळात झाडही पडलं. आबांच्या आई, भागाबाई अक्का, अडून बसल्या होत्या, की या सागाचं दार होईल तेव्हाच मी नव्या घरात पाऊल टाकीन. आबांनी लाकूड आमच्याकडे आणून टाकलं. नानांनी वरची गणेशपट्टी कोरायला घेतली आणि चाचांनी चौकटीची दोन उभी लाकडं. चाचा रंधा मारायचे, थांबायचे, लाकडावरून तळहात फिरवायचे. ते नेहमीच फिरवतात.

चौकट बसवायच्या दिवशी मलाही आमंत्रण होतं, कारण घरातल्या सगळ्या बायकांची ब्लाउजं मीच शिवली होती. चौकट भिंतीला टेकवून ठेवली होती. बायकांनी हळदीकुंकू लावलं. अक्कांनी आधी नानांना टोपी-टॉवेल दिला, नारळ दिला, मग चाचांना. चाचांनी नारळ घ्यायला हात पुढे केला तो जरा बाजूलाच गेला. अक्कांनी काही न बोलता नारळ त्यांच्या ओंजळीत ठेवला. गवंडी पुढे झाले. नानांनी रिवाजाप्रमाणे चौकटीच्या उभ्या लाकडावरून वरून खाली हात फिरवला, आणि गुडघ्याएवढ्या उंचीवर एका गाठीपाशी त्यांचा हात थांबला. ते वाकले. पुन्हा वर हात नेला, पुन्हा खाली आणला.

"थांबा," नाना म्हणाले. "चौकट बसाडू नका. हाई लाकूड उलटं शे. बुड वर गयं."

गवंड्यांनी चौकटीवरचे हात काढले. नानांनी चाचांकडे पाहिलं, मग आबांकडे, आणि म्हणाले, "चूक मनी शे." चूक माझी आहे.

आता ती उभी लाकडं कोणी केली हे आम्हा तिघांनाच ठाऊक होतं. नानांना, चाचांना आणि मला. चाचा पुढे सरसावले तर नानांनी त्यांचं मनगट दाबून धरलं, आणि ते बघून मीही उघडलेलं तोंड मिटलं. आबांचा मात्र तोल गेला. त्यांचंही बरोबर होतं म्हणा, वडिलांचं झाड होतं ते. "नाना, तुमच्या हातून?" ते म्हणाले. "दिसत नसेल तर माणसानं काम घेऊ नये हो." मग म्हणाले, उरलेल्या लाकडात जमत असेल तर ते एक लाकूड नवं करा, नाहीतर गवंडी म्हणतोय तशी ग्रॅनाईटची चौकट बसवून मोकळा होतो. नानांनी खाली मान घालून ऐकून घेतलं. डोक्यावरची टोपी काढली, टॉवेलवर ठेवली आणि अक्कांच्या हातात दोन्ही परत दिली.

छोट्या हत्तीत, त्या टेम्पोत, चौकट चढवून आम्ही परत आलो. मला वाटलं, कारखान्यात पोचल्यावर चाचा नानांचे पाय धरतील. कसलं काय! दार लावलं आणि चाचा कडाडले.

"मनी चूक तू कसाले पांघरी लिधी?"

"तुना डोयास्नं गावले कयी जाई म्हनीसन," नाना म्हणाले. तुझ्या डोळ्यांचं गावाला कळेल म्हणून. म्हणजे नानांना तिथेच, त्या गाठीपाशीच कळलं होतं. डोळे असलेल्या चाचांनी ती गाठ चुकवलीच नसती. रंध्याखाली टिळा पुसला गेला आणि त्यांनी नवा टिळा भलत्याच टोकाला लावला.

"मना डोया गयात," चाचा म्हणाले. "हात नही गयात. आनि माले चुकाना बी हक नही का?"

"तुले काम कोन दी मंग?"

"तू देशी ना! भीक देशी!"

असं कधी बोलले नव्हते ते. नाना उभे होते ते खाली बसले. चाचांनी आपल्या पटाश्या पिशवीत भरल्या, रंधा उचलला, दाराशी जरा चाचपडले आणि गेले. मी मागे धावले, तर हात हलवून मला परत पाठवलं.

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. जुम्मा आला, नाना सवयीने दुपारी हात थांबवून बसले आणि नमाज सुटली तरी भांडायला कोणी आलं नाही म्हणून नुसतेच दाराकडे बघत राहिले. प्रेमराज म्हणाला, मी धुळ्याहून दुसरा कारागीर पाठवतो. नाना म्हणाले, तू तुझे डबे चिकटव.

उरलेल्या सागात एकच लाकूड निघण्याजोगं होतं. ते बिघडलं असतं तर त्या झाडातून पुन्हा मिळणार नव्हतं, आणि आबांची चौकट ग्रॅनाईटची, अक्का जुन्या घरातच. नानांनी लाकूड आडवं घातलं, बुड शोधलं, टिळा लावला. मग सूत काढलं. आणि दुसऱ्या टोकाला त्यांनी खिळा ठोकला. जिथलं लाकूड कापून टाकायचं होतं तिथे, पण खिळाच. त्याला सूत बांधलं, या टोकाला येऊन ताणलं, चिमटीत उचललं आणि थांबले. वाट बघत होते. मला खिडकीतून दिसत होतं, ते खिळ्याने हां म्हणायची वाट बघत होते. मग त्यांनी सूत सोडलं. रेघ जरा वाकडी आली. ओल्या फडक्याने पुसली. पुन्हा ताणलं, पुन्हा सोडलं, पुन्हा पुसली.

मी मशीन सोडून आत गेले. "नाना, मी धरू का?"

"धर."

मी धरलं. अंगठा दाबला, चाचा दाबतात तसा. हांही मीच म्हणाले. नानांनी माझ्याकडे पाहिलं, सूत हळूच खाली ठेवलं आणि म्हणाले, "ऱ्हाऊ दे बेटा. उद्या पाहूत." मला इतका राग आला म्हणून सांगू! नानांचा नाही. चाचांचा. म्हातारा माणूस तुमच्या नावाला डाग लागू नये म्हणून सगळ्या गावासमोर टोपी उतरवतो, आणि तुम्ही रुसलेल्या जावयासारखे घरी बसता? मी स्कूटी काढली आणि तशीच तडक चाचांच्या घरी गेले.

कनीज चाची दारातच गहू निवडत होत्या. मला बघून त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "अच्छा हुआ तू आई. दो साल से बोलरी मैं, मोतीबिंदू है, आपरेशन करा लो. सुनतेच नहीं. अब दिनभर दरवाजे पे हाथ फिराते बैठे रहते."

खरंच, चाचा आतल्या दारापाशी बसले होते आणि तळहात दाराच्या फळीवर होता. ते दार त्यांनीच केलेलं. मी रागातच सुरुवात केली. नानांनी तुमची लाज राखली, आणि तुम्ही त्यांनाच टाकून आलात, असं बरंच काही बोलले. आवाज चढला होता माझा. चाचींनी मला थांबवलं नाही, म्हणजे त्यांनाही तेच म्हणायचं असणार.

चाचांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांच्या त्या शाळेतल्या मराठीत म्हणाले, "बेटा, लाज राखायला मी चोरी केली होती का? मी चूक केली होती. मिस्त्रीची चूक मिस्त्रीची असते. ती हिलालने नेली. आता मला सांग, चूक माझी नसेल, तर आजवर जी दारं बरोबर केली, ती तरी माझी कशी?" त्यांनी दारावर थाप मारली. "हे माझं कसं?"

मी आले होते भांडायला. राग कुठे गेला कळलंच नाही. मी त्यांच्या शेजारी खाली बसले. "नाना सूत खिळ्याला बांधतात," मी म्हणाले. "रेघ येत नाही त्यांना."

चाचांचा हात दारावरच थांबला. "खिळ्याला?"

"हो."

"सागाला?"

"हो ना."

चाचांनी तळहात दारावरून काढला. मग भिंतीला धरून उठले, टोपी डोक्यावर ठेवली आणि म्हणाले, "गाडी आणलीस ना? चल. आधी आबांकडे."

स्कूटीवर मागे बसलेले चाचा वाटभर माझ्या खांद्याला एवढं घट्ट धरून होते, की दुसऱ्या दिवशी मला हात वर करता येईना. दिसत नसताना गाडीवर बसायला किती धीर लागतो, हे तेव्हा मला कळलं.

आबा जुन्या घराच्या ओसरीवर चहा पीत होते, अक्का खाटेवर. चाचा बसलेही नाहीत. उभ्यानेच म्हणाले, "आबा, ते लाकूड मी केलं होतं. उलटं मी लावलं. मला दिसत नाही. हिलाल खोटं बोलला."

आबांचा कप बशीत राहिला. ते काही म्हणायच्या आत अक्का म्हणाल्या, "माले ठाऊक व्हतं."

"ठाऊक व्हतं?" आबा आणि मी दोघंही म्हणालो.

"नारळ घेवाले त्यानी हात पुढे करा, तो कथा गया? मना बी असाच जाये, आपरेशनना आगोदर." त्यांनी आपल्या डोळ्यांवर बोट ठेवलं. "तव्हयच समजनं माले. पन हिलाल बोली गया, मंग मी काय बोलू? दोस्तनी दोस्तले पांघरून घातं, ते मी कसाले ओढू?" मग आबांकडे वळून म्हणाल्या, "आनि तू त्याले बोली गया. दिसत नसेल तर काम घेऊ नये म्हने."

आबा एवढे मोठे व्यापारी, पण आईसमोर मान खाली घालून बसले. "नानांना मी येऊन भेटतो," ते म्हणाले. "पण चाचा, आता ते लाकूड कोण करणार?"

"आम्ही दोघं," चाचा म्हणाले. "रेघेवर नजर हिलालची, कडेला अंगठा माझा. आजवर तसंच चाललंय. फक्त टिळा आता तो लावेल. आणि चौकट बसली की मी धुळ्याला जाऊन डोळे करून घेतो. तोवर ग्रॅनाईट आणू नका."

आबांनी मान हलवली, मग चाचांना दिसलं नसेल असं वाटून घाईने मोठ्याने "नाही आणत" म्हणाले. अक्का खाटेवरून उतरल्या, आत गेल्या, आणि नानांची परत केलेली टोपी घेऊन आल्या. ती चाचांच्या हातात देताना त्यांनी आधी त्यांचा हात धरला, मग टोपी ठेवली.

आम्ही कारखान्यात आलो तेव्हा नाना तसेच बसले होते. लाकूड आडवं, गेरूची वाटी शेजारी, सूत खिळ्याला बांधून ताणलेलं. स्कूटीचा आवाज ऐकून मीच असेन असं वाटून त्यांनी मान वर केली, आणि चाचांना बघून पुन्हा खाली घातली. चाचा आवाजाच्या अंदाजाने त्यांच्यापाशी गेले आणि टोपी त्यांच्या डोक्यावर ठेवली. ती निम्मी कानावर आली.

"सांगी उनू आबाले," चाचा म्हणाले. "मनी चूक माले परत दे."

नानांनी मान वर केली नाही. टोपीही सरळ केली नाही.

"देस का नही?"

"लई जाय," नाना म्हणाले. घेऊन जा.

चाचांनी हवेत हात नेला, ताणलेलं सूत त्यांच्या बोटाला लागलं. त्या सुताला धरून ते हळूहळू दुसऱ्या टोकाला गेले आणि खिळ्यावर हात पडताच थांबले. "सागले खिया ठोकस? लाज नही वाटत?" असं म्हणत त्यांनी तो हलवून हलवून उपटला आणि मागे फेकला. तो माझ्या पायाशी येऊन पडला. मग खाली बसले, लाकडाची कड चाचपली, नानांनी केलेली खूण नखाने शोधली, आणि सूत अंगठ्याखाली दाबलं.

"हां," ते म्हणाले.

नानांनी चिमटीत सूत उचललं. पण सोडलं नाही.

"हारुन."

"काय?"

"तुना नूहबाबानी एवढी मोठी नाव करी. त्यास्ना सूतनं दुसरं टोक कोन्ही धरं व्हई रे?"

मी खिडकीशी उभी राहून वाट बघत होते, की चाचा म्हणणार, पोरं होती मदतीला. इतकी वर्षं तेच म्हणत आले होते.

चाचांनी जरा विचार केला. "व्हई एखादा हिलाल," ते म्हणाले.

नाना तसेच राहिले. सूत चिमटीत, टोपी कानावर, डोळ्यांतून पाणी चाललेलं, आणि ते पुसायला हात मोकळा नाही. मी पदर तोंडाला लावला. चाचांना यातलं काहीच दिसत नव्हतं, त्यामुळे ते वैतागले.

"मार ना आते," ते म्हणाले. "मी कव्हयनं हां म्हनी राहिनू."

नानांनी सूत सोडलं. लाल रेघ बुडापासून शेंड्यापर्यंत सरळ उमटली.